पायाखाली ब्रेक नाही

काठी डावीकडे ढकलली की वाहनाने डावीकडे वळावं, एवढी अपेक्षा धरणं हा काही गुन्हा नाही. माझ्या धाकट्या भावाच्या कॉम्प्युटर गेममधलं अंतराळयान मात्र काठी डावीकडे ढकलली की कुशीवर व्हायचं. नाक होतं तिथेच, बाकी सगळं जग आडवं. वळायचं असेल तर काठी मुठीत धरून पिळायची. वर जायचं असेल तर ती आपल्याकडे ओढायची, आणि वर म्हणजे नक्की कुठे हे विचारायचं नाही, कारण तिथे वर आणि खाली असं काही नसतं. हे सगळं भाऊ मला अशा सुरात सांगायचा, की जणू मीच आजवर चुकीच्या जगात राहत आले.

"हे ज्याने बनवलं त्याला एकदा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आणून सोड," मी म्हटलं.

"ताई, फाटा कुठून येणार? तिथे रस्ताच नाहीये."

माझा वैताग कळायला माझा धंदा सांगायला हवा. मी डोंबिवली पूर्वेला मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते. शिकवायच्या गाडीत डावीकडच्या सीटपाशीसुद्धा क्लच आणि ब्रेक असतात, आणि ती सीट माझी. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंग धरून घामाघूम होत असतो आणि मी डावीकडे, उजवा पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरून, त्याला एमआयडीसीतल्या रस्त्यांवरून फिरवत असते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने कशाला धडक दिलेली नाही. मी देऊच देत नाही. "मॅडम, मी दाबतच होतो ना ब्रेक," असं रोज कोणीतरी चिडून म्हणतं. म्हणू दे. क्लास संपला की गाडी ऑफिसच्या भिंतीला समांतर लावायची, हा माझा दुसरा नियम. जरा तिरकी लागली तरी मी गाडीतून उतरत नाही. "वाकडी लागलीय, परत काढा," हे माझं वाक्य कल्याणला आरटीओची टेस्ट देऊन कधीचीच पास झालेली मंडळीसुद्धा रस्त्यात भेटली की मला म्हणून दाखवतात.

भाऊ ठाण्याला राहतो, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या अंगाला. एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढतो. गाडी त्याला येत नाही. पूर्वी मीच शिकवायला घेतलेली. आठवडाभर आला आणि "तू मला चालवूच देत नाहीस" म्हणून जो उठला, तो परत स्टिअरिंगला हात लावायला आला नाही. समोर टँकर होता म्हणून मी ब्रेक मारला होता. आजही मारेन.

गाडी सोडली आणि पुढे कधीतरी त्याने हा गेम धरला. कामावरून आला की टेबलापाशी. उजव्या हाताला काठी, डाव्या हाताला वेगाचा दांडा, ज्याला तो थ्रॉटल म्हणतो, आणि समोर काळाकुट्ट पडदा. त्याला लढाया नको असायच्या. आधी कोणी न पाहिलेले तारे शोधत तो नुसता लांब लांब जायचा. या शेवटच्या फेरीत त्याची दोन वर्षं गेलेली. वाटेत जे जे सापडतं त्याची नोंद यानातच साठत जाते, आणि परत येऊन यान अंतराळातल्या स्टेशनात उतरवलं की मगच ती त्याच्या नावावर चढते. उतरवताना यान फुटलं तर सगळी नोंद गेली, दोन वर्षं पाण्यात.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तो स्टेशनच्या दाराबाहेर येऊन पोचला. आत शिरणं नाजूक काम, डोळे थकलेले, म्हणून सकाळी ताज्या डोक्याने लावू असं ठरवून त्याने कॉम्प्युटर बंद केला. सकाळी उठला तर उजवा हात उचलेना. अर्धांगवायूचा झटका होता. पुढचे दोन महिने हॉस्पिटल, घर, व्यायाम शिकवणारा माणूस, परत हॉस्पिटल असे गेले. पाय हळूहळू आला, वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागला. बोलणं शाबूत राहिलं, उलट होतं त्याहून तिखट झालं. हात मात्र आला नाही. मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली जाऊन पडला आणि तो कोणाला काढू देईना. निदान डाव्या हाताने काहीतरी करत जा म्हटलं, की एकच उत्तर, "अर्धं काम मला नको."

भाऊबीजेला दरवर्षी तो डोंबिवलीला यायचा. या वेळी ताट घेऊन मीच खोपटला गेले. ओवाळून झालं की भाऊ बहिणीला काहीतरी देतो, अशी रीत आहे. आमच्याकडे उलटंच झालं.

"ताई, माझी शिप आत लावून दे," तो म्हणाला.

मला आधी कळेचना. मग त्याने सगळं समजावलं. आपोआप उतरवणारं यंत्र असतं, पण वजन कमी करायला त्यानेच ते काढून टाकलेलं. ऑफिसातली पोरं हा गेम खेळतात, पण त्यांनी आपल्याला असं पाहिलेलं त्याला नको होतं. "आणि तू तर मॅडम आहेस ड्रायव्हिंगची. तुला काय, चार रविवारांचं काम."

मी हो म्हटलं. झटका आल्यापासून त्याने कोणाकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, आणि आता मागतोय म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं, की काय कबूल करतोय हे मी नीट ऐकलंच नाही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी माणकोलीच्या पुलावरून खोपट. शिकवायचीच गाडी घेऊन जायचे, पुढे-मागे लाल एल तसाच. सोसायटीचा वॉचमन पहिल्या दिवशी विचारून गेला, "मॅडम, शिकायला आल्या की शिकवायला?" त्या वेळी मला त्यात काही खोच वाटली नव्हती.

खरी शिप लगेच हातात मिळणार नव्हती. गेममध्ये सरावाची वेगळी जागा असते, तिथे एक लहानसं यान देतात आणि ते कितीही वेळा फोडा, कोणी विचारत नाही. पहिल्या रविवारी मी ते इतक्यांदा फोडलं, की भावाने शेवटी डोळे मिटून घेतले. काठीचा घोळ तर होताच. त्याहून वाईट हे, की वेग शून्यावर आणला तरी यान थांबत नव्हतं. मी थ्रॉटल मागे घेत होते आणि समोरची भिंत आपली अंगावर येतच होती.

"गाडी थांबत का नाही?"

"गाडी नाही, शिप. आणि का थांबेल? तिला अडवतंय कोण? हवा नाही, रस्ता नाही. उलट्या बाजूला जोर लाव तेव्हा थांबेल."

"मग ब्रेक कुठाय?"

"तोच ब्रेक."

ब्रेक नसलेलं वाहन रस्त्यावर आणणाऱ्याचं लायसन्स जातं, हे मी त्याला ऐकवलं. मग त्याच्या बायकोकडून कळलं, की एक बटण असतं, ते चालू ठेवलं की यान थ्रॉटलचं ऐकतं आणि शून्यावर आणलं की आपलं आपण थांबतं. नवशिके सगळे ते बटण लावूनच चालवतात. या शहाण्याने ते बंद करून ठेवलेलं. मी चालू करायला गेले तर म्हणाला, "त्यात काय मजा? मागे दोन छोटी चाकं लावलेल्या सायकलीसारखं होतं ते." माझं डोकं फिरलं. माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्याला मी हँडब्रेक दाखवते, हायवे नाही. बटणावरून आमचं इतकं वाजलं, की भावजय आतून पोळपाट टाकून आली आणि तीच ते बटण दाबून परत गेली.

बटण लागलं तरी माझा पाय काही ऐकेना. यान कशाच्या जवळ गेलं, की माझा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला जायचा. इतक्या वर्षांची सवय, सांगून थोडीच जाते. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी पहिल्यांदाच स्टेशनाचं तोंड बरोबर मध्यावर धरलं. आत शिरणार, तेवढ्यात कडेचा खांब जवळ आल्यासारखा वाटला आणि मी पाय ठोकला. खाली एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्याचं बटण पायाखाली आलं आणि कॉम्प्युटर, पडदा, सगळं एकदम काळं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी भावाकडे बघायचं टाळलं.

"खांबाला लागली नाही," तो म्हणाला. "मानलं तुला."

भावजयीने बोर्ड पलंगाच्या बाजूला सरकवून दिला. पण माझी लाज काही सरकली नाही. टेस्टच्या दिवशी माझ्याकडे शिकणारे पन्नाशीतले काका लोक गिअर विसरतात तेव्हा मी कपाळावर हात मारते. इथे मी चष्मा पुसत बसले होते आणि भाऊ मला परत पहिल्यापासून सांगत होता, काठी पिळली की वळतं, झुकवली की कुशीवर होतं. त्याच्या शिकवण्यात एकच गोष्ट मला सहन होत नव्हती. मी चुकतेय हे त्याला आधी दिसायचं आणि तरी तो गप्प बसायचा. यान आपटायचं, मगच तोंड उघडायचा.

"आधी सांगायला काय होतं तुला?"

"धडकू दे की. धडकल्याशिवाय तुला कळणार कसं, किती लांबून थांबायचं ते? तू मला कधी धडकूच दिलं नाहीस."

"एमआयडीसीत टँकरवर धडकवायला हवं होतं का तुला?"

आणि मी यान परत बाहेर काढलं.

धडकून धडकून हळूहळू जमायला लागलं, हे मला मान्य करायला जिवावर येतं. हात कुठे थांबायचा ते हाताला कळायला लागलं. सोमवारी सकाळी क्लासला एकदा माझं स्टिअरिंगवर लक्ष गेलं आणि वाटलं, हे किती सज्जन यंत्र आहे. संक्रांतीच्या सुमाराला सरावाचं यान मी ओळीने चार-पाच वेळा न फोडता उतरवलं. भाऊ म्हणाला, "पुढच्या रविवारी खरी शिप."

त्या दिवशी मी खुशीत स्वयंपाकघरात चहाला गेले. भावजय आलं किसत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ताई, तुम्हाला त्यांनी सांगितलंय का? एकदा ती शिप लागली की हे सगळं देऊन टाकणार म्हणतायत. कॉम्प्युटर, ती काठी, सगळं. ऑफिसातल्या एकाला सांगूनसुद्धा ठेवलंय. माळ्यावरून खोका काढायला लावला मला."

मी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग मला इतका राग आला, की काय सांगू. म्हणजे मी या वयात कुशीवर व्हायला शिकतेय ती एवढ्यासाठी? दुकानाचं शटर ओढायला? नोकरीवर तो परत जाईल की नाही ठाऊक नव्हतं, मित्रांना घरी येऊ देत नव्हता, पेपर वाचत नव्हता. दिवसभर खिडकीत बसून डेपोतून बाहेर पडणाऱ्या एसट्या बघायच्या, एवढंच चाललेलं. आठवड्यातला माझा हा वैतागाचा दुपारचा वेळ सोडला तर त्याचं कशात लक्ष म्हणून नव्हतं. तोही गेला की मागे काय राहणार?

मग मी मला सुचेल ते केलं. पुढच्या रविवारी मला काहीच येईना. डावं-उजवं विसरले, कुशीवर झाले, सरावाच्या यानाची माती केली. म्हटलं, इतक्यात नको खरी शिप, अजून हात बसला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्या वेळी मात्र तो माझ्या हाताकडे बघत बसलेला.

"मुद्दाम करतेस," तो म्हणाला.

"मी कशाला मुद्दाम करू?"

"न येणारी माणसं काठी घट्ट धरतात. तुझी बोटं सैल आहेत."

मग मी ऐकवलंच. देऊन कशाला टाकतोस, आजचा दिवस आहे तसाच राहणार आहे का, हात अजून येऊ शकतो, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास का. आवाज चढला माझा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हात यायचा तेव्हा येईल, नाहीतर नाही," तो म्हणाला. "पण ती तिथे दाराबाहेर उभी आहे ना, ते मला रोज झोपताना दिसतं. तेवढं काम पुरं कर. पुढचं माझं मी बघेन."

मी हात टेकले.

खरी शिप काढली त्या रविवारी मी जेवले नाही. भावाने त्याची खुर्ची माझ्या डाव्या बाजूला लावून घेतली, म्हणजे गाडीत मी बसते तिथे. पलीकडे पलंगावर खोका उघडा ठेवलेला. भावजय दारात उभी राहिली, हातातला टॉवेल घडी करून झाला तरी परत परत घडी करत.

त्याची शिप सरावाच्या यानापेक्षा चांगलीच लांब होती, आणि सुस्त. काठी पिळली की क्षणभर काही नाही, मग एकदम वळायला लागायची. स्टेशनचं तोंड समोर आलं. मी मध्य धरला. थ्रॉटल थोडा मागे घेतला. आत शिरले, कडेचे दिवे दोन्ही बाजूंनी मागे जायला लागले आणि समोर उतरायचा ओटा दिसला, त्यावर नाक कुठे करायचं त्याची पिवळी खूण. तेव्हा मला कळलं, की मी फार जोरात आलेय. सरावाचं यान इतक्यावरून थांबलं असतं. हे थांबणार नव्हतं. माझा पाय फरशीवर ठोकला गेला, एकदा, दोनदा. आणि डावा हात, ज्याने थ्रॉटल खेचायचा, तो सुटून खुर्चीच्या कडेला घट्ट बसला. माझे विद्यार्थी घाबरले की अगदी हेच करतात, मी हजारदा बघितलेलं आहे.

बाजूने एक हात आला. भावाचा उजवा हात मांडीवर होता तसाच होता. डावा त्याने अंगावरून आडवा टाकलेला, सगळं शरीर वळवून, आणि थ्रॉटल मागे ओढलेला.

"हात काढ," मी ओरडले. "मी करतेय ना."

"तू वळव. वेगाचं मी बघतो."

"मला येतं—"

"ताई, नाक खाली जातंय."

खरंच जात होतं. मी काठी ओढली. तो थ्रॉटल बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहिला, त्याचा श्वास माझ्या कानापाशी लागत होता, बहुधा त्या बाजूला वळून बसणं त्याला दुखत असावं. मी म्हणायचे, "हळू." तो म्हणायचा, "हळूच आहे." मी म्हणायचे, "अजून." शेवटचं कुणी काय केलं ते मला आठवत नाही. खालून धप्प असा आवाज आला, पडदा थोडा हलला आणि सगळं स्थिर झालं. शिप ओट्यावर उभी होती.

पडद्यावर नोंदी चढायला लागल्या. एकेक तारा, आणि प्रत्येकापुढे त्याचं नाव. आम्ही तिघं बघत बसलो. ते बराच वेळ चाललं. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला नुसती भूक लागलेली. संपलं तेव्हा भावजयीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि पलंगावरचा खोका उचलून हातात घेतला. मी काठीवरून हात काढला. वायरी कुठून सोडवायच्या ते विचारावं म्हणून भावाकडे वळले.

तो पडद्याकडेच बघत होता, कपाळाला आठ्या घालून.

"काय झालं?" मी विचारलं. "लागली ना?"

"लागली. ती पिवळी खूण बघ आणि आपलं नाक बघ."

मी बघितलं. नाक खुणेच्या जरासं डावीकडे होतं. जरासंच.

"चालतंय की," मी म्हटलं.

"तुझ्याकडे चालतं?"

भावजय खोका घेऊन आमच्या मागे उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग वाकून तो खोका त्याच्या मांडीवर उपडा ठेवला, त्याच्या अधांतरी राहिलेल्या डाव्या कोपराखाली.

थ्रॉटलवरचा हात त्याने अजून काढलाच नव्हता.

"गाडी वाकडी लागलीय," तो म्हणाला. "परत काढ."